खाऊगल्लीचे पाणी : पाक, नापाक आणि आपली जबाबदारी



रमजानमध्ये तरावीहसाठी येणारे नमाजी एक प्रश्न हमखास विचारतात. इफ्तारनंतर खाऊगल्लीतून मशिदीकडे येताना भांडी धुतलेल्या पाण्याचे शिंतोडे कपड्यांवर उडाले. नमाज होईल, की घरी जाऊन कपडे बदलावे लागतील? प्रश्न रास्त आहे. ज्याला नमाजची काळजी असते, त्यालाच कपड्यांची काळजी असते. त्याचे उत्तर पुढे येईलच. परंतु याच प्रसंगात दुसराही एक प्रश्न दडलेला आहे आणि तो क्वचितच विचारला जातो. ते पाणी रस्त्यावर आलेच कसे? ते कोणाचे होते, आणि त्याचे काय व्हायला हवे होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर फिक्हच्या ग्रंथांत तहारतच्या प्रकरणात मिळते. दुसऱ्याचे उत्तरही आपल्या बुजुर्गांनी लिहून ठेवले आहे. मात्र ते बाजार आणि रस्ते यांच्या हक्कांच्या प्रकरणात आहे आणि ती पाने आपण सहसा उलटत नाही. या महिन्याच्या धड्यात दोन्ही प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून वाचू या.

पाण्याचा हुकूम

फुकहांनी पाण्याच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. पहिली, स्वतः पाक असून इतरांना पाक करणारे पाणी. वुजू आणि गुस्ल याच पाण्याने होतात. दुसरी, स्वतः पाक असलेले पण पाक न करणारे पाणी. वुजू करून झाल्यावर अंगावरून गळालेले पाणी हनफी आणि शाफई या दोन्ही मसलकांत याच वर्गात मोडते. तिसरी अवस्था नापाक पाण्याची.

आता हातगाडीवरच्या बादलीकडे पाहा. तिच्यात भाताची शिते आहेत, रश्शाचा तवंग आहे, फिरनीचे दूध आहे, साबणाचा फेस आहे. यांपैकी एकही वस्तू नजासत नाही. पाक वस्तू मिसळून पाण्याचा रंग, चव आणि पातळपणा बदलला, तर त्या पाण्याने वुजू होणार नाही. पण ते नापाकही होणार नाही. मांस धुतलेल्या पाण्याविषयी अनेकांना शंका असते. जनावर जबह करताना वाहणारे रक्त नापाक आहे. जबहनंतर मांसात आणि शिरांत उरलेल्या रक्ताला हनफी फुकहांनी तो हुकूम लावलेला नाही. शाफई मसलकात याचा तपशील थोडा वेगळा आहे, म्हणून कोकणातील आपल्या वाचकांनी तो आपल्या आलिमांकडून समजून घ्यावा. जिथे जिवंत कोंबड्या जागेवर कापल्या जातात, तिथले पाणी मात्र उघडच वेगळे. तसेच शौचालयाचा प्रवाह मिसळलेल्या उघड्या गटाराचे पाणीही वेगळे, ते नापाकच.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे : भांडी धुण्याच्या बादलीतले शिंतोडे असतील तर कपडे पाक आहेत, नमाज होईल. गटारातले असल्याची खात्री असेल तर तेवढा भाग धुवावा. आणि शिंतोडे कशाचे हे कळतच नसेल, तर वहम करू नये. रस्त्यावरच्या चिखलाबाबत फुकहांनी लोकांची अडचण ओळखून सवलत ठेवली आहे.

इथवर सगळे सोपे आहे. चूक होते ती यानंतरच्या पायरीवर. पाणी पाक आहे असे एकदा ठरले, की आपले मन परस्पर पुढचा निष्कर्ष काढते : पाक आहे ना, मग वाहिले तर बिघडले काय? पण पाक असणे आणि निरुपद्रवी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुधाचेच उदाहरण घ्या. दूध पाक आहे, नेमत आहे. तेच दूध नाल्यात ओतले तर ते घरगुती सांडपाण्याच्या कितीतरी पट अधिक घातक ठरते. कारण पाण्यातले सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात आणि ते खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात. प्राणवायू संपला की मासे मरतात, पाणी काळे पडते आणि कुजल्याचा वास सुटतो. जे दुधाचे, तेच भाताच्या पेजेचे, पिठाचे, फालुद्याचे आणि रश्शाचे. खाऊगल्लीच्या तोंडाशी येणारा तो आंबूस दर्प नजासतचा नसतो. तो बहुतांशी वाया गेलेल्या अन्नाचा असतो.

आता दुसऱ्या प्रकरणाकडे वळू.

रस्त्याचा हक्क

इमाम गझाली (रह.) यांचे निधन हिजरी ५०५ म्हणजे इ. स. ११११ मध्ये झाले. त्यांच्या 'इह्याउ उलूमिद्दीन' या ग्रंथात लोकांच्या अंगवळणी पडलेल्या वाईट गोष्टींचे एक प्रकरण आहे आणि त्यात रस्त्यांसाठी वेगळा भाग आहे. तो वाचताना असे वाटते, की लेखक आपल्याच मोहल्ल्यातून चालत गेला असावा. फळांच्या साली वाटेवर टाकणे, पाय घसरेल इतके पाणी शिंपडणे, कसाबाने दुकानाच्या दारातच जनावर कापून वाट रक्ताने भरवणे, अरुंद गल्लीत पन्हळीचे पाणी सोडणे : या सगळ्यांची गणना ते मुनकरात, म्हणजे रोखण्याजोग्या वाईट गोष्टींत करतात. पुढे ते एक बारकावा सांगतात, आणि आपल्या विषयाचा गाभा तोच आहे. पावसाचे पाणी वाटेवर साचले तर ते हटवणे ही सर्वांची सामाईक जबाबदारी. परंतु एखाद्या ठराविक पन्हळीचे पाणी साचले असेल, तर ती वाट मोकळी करण्याची जबाबदारी खास त्या पन्हळीच्या मालकाची.

या भेदाचा विचार करा. इथे गझाली (रह.) ते पाणी पाक की नापाक, हे विचारतही नाहीत. पन्हळीचे पाणी तर बहुधा पाकच असणार. ते विचारतात ते एवढेच, की पाणी आले कोणाकडून आणि त्रास कोणाला झाला.

बाराव्या शतकात शाम देशातील अब्दुर्रहमान शैझरी यांनी बाजारावर देखरेख करणाऱ्या मुहतसिबासाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात स्वयंपाकी, हरीसा विकणारे, मासे तळणारे अशा एकेका व्यवसायाचे नियम दिले आहेत. ज्या घरातून घाण पाणी वाटेवर येते, त्या घरमालकाला उन्हाळ्यात तो मार्ग बुजवायला लावावा आणि पाणी साठण्यासाठी घराच्या आतच खड्डा खणायला लावावा, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे पाणी ज्याच्याकडे निर्माण होते, त्याच्याकडेच त्याची पहिली व्यवस्था व्हावी. आज पर्यावरण अभियंते जे तत्त्व मोठमोठ्या अहवालांत मांडतात, ते आठशे वर्षांपूर्वी बाजारच्या नियमात होते.

या सर्वांच्या मुळाशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. वाटेतून त्रासदायक वस्तू दूर करणे हे त्यांनी ईमानच्या शाखांपैकी एक म्हटले. लोकांच्या वाटेत, सावलीत आणि पाण्याच्या ठिकाणी घाण करणाऱ्यांना त्यांनी कडक शब्दांत सावध केले. स्वतः नुकसान सोसू नये आणि दुसऱ्याचे करू नये, या आशयाची हदीस तर फिक्हच्या असंख्य मसल्यांचा आधारस्तंभ आहे.

नुकसान कोणाचे होते, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. तळणीचे तेल आणि नल्लीची चरबी गरम असताना पातळ असते. भुयारी गटारात थंड झाली की ती थिजते, भिंतींना चिकटते आणि तिच्याभोवती कचरा अडकून गोळा तयार होतो. गटार तुंबते. मग ते साफ करायला कोणाला तरी पाठवले जाते. माणसाला गटारात उतरवून हाताने सफाई करून घेण्यावर आपल्या देशात २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही माणसे उतरतात आणि आतल्या विषारी वायूने गुदमरून मरतात. या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. कढईतले तेल मोरीत ओतताना त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर यायला हवा. त्याचा जीवही अल्लाहची अमानतच आहे.

मुंबईसारख्या शहरात आणखी एक गोष्ट घडते. रस्त्याकडेच्या जाळीतून आत जाणारे पाणी पुष्कळदा मलवाहिनीत जात नाही, तर पर्जन्यजल वाहिनीत जाते, आणि ती वाहिनी सरळ खाडीकडे किंवा समुद्राकडे वळते. वाटेत त्यावर कोणतीही प्रक्रिया होत नाही. याच मुंबईला पिण्याचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा दूरच्या जलाशयांतून नळाने आणावे लागते. तेवढ्या लांबून आलेले पाणी एकदा ताटावरून फिरते आणि समुद्राला मिळते. आणि त्याच गल्लीच्या टोकाला उभे असलेले झाड एप्रिलमध्ये पाण्यावाचून वाळते.

बुजाआची बाग

मदिन्यातील बुजाआ नावाच्या विहिरीची हदीस मदरशातील प्रत्येक विद्यार्थी पाण्याच्या प्रकरणात शिकतो. त्या विहिरीत घाण पडत असे, म्हणून तिच्या पाण्याविषयी सहाबांनी (रजि.) विचारले आणि प्रेषितांनी (स.) ते पाणी पाक असल्याचे सांगितले. इमाम अबू दाऊद (रह.) यांनी पुढे आपली चादर पसरून त्या विहिरीची रुंदी मोजली, ती सहा हात भरली. एवढ्या लहान विहिरीचे पाणी नापाक कसे झाले नाही, यावर फुकहांची मोठी चर्चा आहे. हनफी इमाम तहावी (रह.) यांनी दिलेल्या स्पष्टीकरणाचा आशय असा, की ते पाणी साचून राहत नव्हते, त्याला बागांकडे जाणारी वाट होती. पाणी बागेला जात राहिले, म्हणून ते वाहत्या पाण्याच्या हुकुमात राहिले.

मसल्याच्या दृष्टीने यावर इतर मसलकांची उत्तरे वेगळी आहेत. शाफई आलिम दोन कुल्ल्यांच्या मापाने विचार करतात. इथे तो वाद सोडवायचा नाही. लक्षात घ्यायचे ते इतकेच, की मदिन्याचे पाणी विहिरीतून बागेकडे जात होते. सहीह बुखारीत हजरत सहल बिन सअद (रजि.) यांची एक आठवण आहे. एक वृद्ध स्त्री बुजाआच्या मळ्यातून चुकंदराच्या जातीच्या भाजीची मुळे मागवून ती थोड्या जवसोबत शिजवत असे आणि जुमुअच्या नमाजनंतर सहाबा (रजि.) तिच्याकडे जाऊन ते खात असत, त्या जेवणासाठी त्यांना जुमुअची ओढ असे. पाणी, बाग, भांडे आणि पाहुणे यांचे असे वर्तुळ त्या गावात होते. (इथे 'जव' म्हणजे सातू, आपल्याकडे तेलासाठी पिकवतात ते जवस नव्हे. भाषांतरांत हा घोटाळा नेहमी होतो.)

आपल्या महाराष्ट्रातही याची खूण आहे. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेले पाणी तिथे उंचावरून पडते, चक्की फिरवते आणि मग हौदात साठते. त्या चक्कीवर दर्ग्याच्या आश्रयाला आलेल्या लोकांसाठी धान्य दळले जाई. एकाच पाण्याने दोन कामे करावीत ही दृष्टी तिथे दगडात बांधलेली आहे. आपण मात्र मराठीत 'सांडपाणी' म्हणतो. म्हणजे जे सांडून दिले ते. शब्दातच आपण त्याचा निकाल लावून टाकला आहे.

पाणी बागेपर्यंत कसे न्यावे?

हे काम सुरू होते ते ताटापासून. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार प्रेषितांनी (स.) जेवणाचे भांडे पुसून स्वच्छ करण्याची आज्ञा दिली, कारण अन्नाच्या कोणत्या भागात बरकत आहे हे माणसाला ठाऊक नसते. ही सुन्नत ज्या ताटावर पाळली गेली, त्या ताटाच्या धुवणात कुजण्यासारखे फारसे काही उरतच नाही. गिऱ्हाईकाने ताटात टाकलेले मात्र विक्रेत्याने पाणी लावण्यापूर्वी कोरडेच खरवडून वेगळ्या डब्यात काढावे. हे खरकटे खतासाठी जाऊ शकते. एवढी एकच सवय लागली तरी पुढचे निम्मे कष्ट वाचतात.

तळणीचे जुने तेल पाण्यात कधीच जाता कामा नये. १ जुलै २०१८ पासून देशात असा नियम आहे, की ज्या तेलात ध्रुवीय घटकांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांवर गेले, ते तेल तळण्यासाठी वापरता येत नाही. असे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची योजनाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याच वर्षी सुरू केली. म्हणजे जुने तेल हा विकता येण्याजोगा माल आहे. ते डब्यात साठवावे.

यानंतर उरते ते धुण्याचे पाणी. त्यात थोडे तेल असतेच. त्यासाठी तीन कप्प्यांची टाकी लागते. तिला ग्रीस ट्रॅप म्हणतात. तिची युक्ती साधी आहे. तेल हलके म्हणून वर तरंगते, गाळ जड म्हणून तळाला बसतो आणि मधले पाणी खालच्या बाजूला ठेवलेल्या वाटेने पुढच्या कप्प्यात जाते. मात्र पाण्याला टाकीत किमान अर्धा तास शांत राहता आले पाहिजे. उकळते पाणी आणि भरपूर साबण एकदम ओतले, तर तेल पाण्यात इतके बारीक मिसळते की ते वर येतच नाही. म्हणून पाणी आधी निवू द्यावे आणि साबण बेताचा वापरावा.

तेल काढलेले पाणी अजून झाडांना द्यायचे नाही. ते खडी भरलेल्या उथळ वाफ्यातून हळूहळू जाऊ द्यायचे. या वाफ्यात कर्दळ किंवा पाणकणीस लावतात. त्यांच्या मुळांभोवती आणि खडीवर वाढणारे जिवाणू पाण्यात विरघळलेले अन्न खाऊन टाकतात. जे काम नाल्यात दुर्गंधी पसरवून होते, तेच इथे मुळांच्या आश्रयाने निमूटपणे होते. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने याच तत्त्वावर 'फायटोरिड' नावाची पद्धत विकसित केली आहे आणि मुंबईच्या आयआयटीने माती व जिवाणूंच्या साह्याने पाणी शुद्ध करण्याची स्वतःची पद्धत तयार केली आहे. तेव्हा कोणा उत्साही माणसाच्या सांगण्यावरून खड्डा खणण्यापेक्षा जाणकार अभियंत्याला विचारावे.

जागा किती लागेल? समजा, वीस गाड्या आहेत आणि प्रत्येकीचे दिवसाला २०० लिटर पाणी निघते. एकूण ४,००० लिटर झाले. ते वाफ्यात दोन दिवस थांबायला हवे, म्हणजे ८,००० लिटरची सोय हवी. खडीत पाण्याला जागा असते ती सुमारे ४० टक्के. म्हणून २० घनमीटर खडी लागेल. खोली ६० सेंटिमीटर ठेवली तर वाफा सुमारे ३३ चौरस मीटरचा होतो. तीन मोटारी उभ्या राहतील एवढी जागा. आणि हा हिशेब कमीत कमीचा आहे. तेलकट, दुधाळ पाण्याला यापेक्षा अधिक वेळ आणि अधिक जागा द्यावी लागते. महम्मद अली रोडच्या आतल्या गल्ल्यांत अशी जागा कुठून आणणार? खरेच, तिथे ती नाही. म्हणूनच पाणी पिंपांत गोळा करून जवळच्या बागेच्या, शाळेच्या किंवा मशिदीच्या आवारात नेणे, किंवा वीसऐवजी पाच गाड्यांपासून सुरुवात करणे, हाच शहाणपणाचा मार्ग. आवाराच्या मालकाची आणि महानगरपालिकेची परवानगी घेणे हा त्याचाच भाग आहे. नियमांना बगल देऊन केलेल्या नेक कामाची बरकत टिकत नाही आणि ते कामही टिकत नाही.

शुद्ध झालेले पाणी साठवून ठेवू नये. चोवीस तासांत झाडांना द्यावे. टाकी झाकलेली असावी, कारण मोठ्या कष्टाने स्वच्छ केलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अधिक आनंदाने अंडी घालतो. पाणी फवारू नये. खोडाभोवतीच्या आळ्यात, पाचोळ्याखाली सोडावे. मिठाचीही काळजी हवी. खाऱ्या अन्नातले आणि साबणातले क्षार मातीत साठत जातात आणि माती घट्ट होते. म्हणून अधूनमधून साधे पाणी द्यावे. पुढे पावसाळा उरलेले क्षार धुऊन नेतो. मोठी सावलीची झाडे हे पाणी चांगले मानवून घेतात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना ते मुळीच देऊ नये.

काही मसले

या पाण्याने वुजू होईल का? सौदी अरबच्या ज्येष्ठ उलमांच्या मंडळाने १९७८ मध्ये आणि मक्केतील राबिता-ए-आलम-ए-इस्लामीच्या फिक्ह अकादमीने १९८९ मध्ये असे मत दिले, की आधुनिक प्रक्रियेने सांडपाण्यातील नजासतचा रंग, चव व वास यांचा काहीही अंश उरला नसेल, तर ते पाणी पाक मानले जाईल. हे मत मोठ्या शुद्धीकरण प्रकल्पांच्या संदर्भात आहे. आपला कर्दळीचा वाफा तेवढे काम करीत नाही आणि त्याने ते करावे अशी अपेक्षाही नाही. ते पाणी झाडाचे आहे, वुजूचे नाही. इथे शाफई फुकहांचा एक बारकावा उपयोगी पडतो. कस्तुरी किंवा केशर टाकल्याने घाणीचा वास नाहीसा झाला, तर पाणी पाक झाले असे ते मानत नाहीत, कारण वास गेलेला नसतो, झाकलेला असतो. सुवासिक फिनाइल ओतून गटाराची व्यवस्था झाली असे समजणाऱ्यांनी हा मसला जरूर वाचावा.

नापाक पाण्यावर वाढलेले झाड किंवा पीक यांचे काय? हनफी, मालिकी आणि शाफई फुकहा असे पीक हलाल मानतात. हंबली मसलकाच्या प्रसिद्ध मतानुसार त्याला नंतर पाक पाणी दिल्याशिवाय ते खाऊ नये. आपण तर पाक पाणीच आणि तेही सावलीच्या झाडांना देत आहोत, त्यामुळे संकोचाचे कारण नाही.

कब्रस्तानातील झाडांना हे पाणी द्यावे का, असेही विचारले जाईल. कडेच्या झाडांना, पूर्ण प्रक्रिया केलेले आणि वास नसलेले पाणी देण्यात माझ्या समजुतीप्रमाणे हरकत नाही. कबरींवर मात्र ते जाऊ नये. तिथे मसला फक्त पाकीचा नाही, अदबचा आहे. आपल्या शहरातील मुफ्ती साहेबांचे मत घेऊनच कब्रस्तानात काम सुरू करावे.

खर्चाचा मसला लोक विसरतात. मशिदीच्या वक्फचा पैसा वाकिफने ठरवलेल्या कामासाठीच असतो. तो विक्रेत्यांच्या टाकीवर खर्च करता येत नाही, काम कितीही चांगले असो. त्यासाठी वेगळा निधी गोळा करावा आणि त्याचा हिशेब वेगळा ठेवावा. पण मशिदीला स्वतःच्या वुजूखान्यापासून सुरुवात करायला कोणाची आडकाठी आहे? वुजूचे वापरलेले पाणी पाक असते, त्यात तेल नसते, खरकटे नसते. साध्या वाळूच्या गाळणीनंतर ते आवारातल्या झाडांना देता येते. प्रेषित (स.) एका मुद्दने, म्हणजे मापाच्या मतभेदानुसार पाऊण ते एक लिटर पाण्याने वुजू करीत. वाहत्या नदीवर वुजू करतानाही उधळपट्टी होऊ शकते, हे सांगणारी इब्ने माजाची हदीस आपण ऐकतो. तिची सनद कमकुवत असल्याचे मुहद्दिसांनी म्हटले आहे. तिच्यातील अर्थाला इतर दलीलांचा आधार आहे. नळ भरभरून सोडून वुजू करणाऱ्या मशिदीने गल्लीतल्या गाडीवाल्याला पाण्याचा धडा द्यावा, हे शोभत नाही.

आणि गाडीवाल्याविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. गझाली (रह.) यांच्या नियमाने ते पाणी त्याचे आहे, हे खरे. पण त्याच्याकडे ना मोरी आहे, ना टाकी ठेवायला जागा. काहींचे तर वर्षाचे कर्ज याच महिन्यात फिटते. त्याला केवळ दटावून मशिदीचे विश्वस्त मोकळे होऊ शकत नाहीत. शिवाय ते ताट ज्याने खरकटे करून टाकले, तो गिऱ्हाईक आपल्यापैकीच कोणीतरी असतो. विक्रेत्याने खरकटे आणि तेल वेगळे काढावे, पाणी पिंपात जमा करावे, एवढे त्याचे काम. पिंप नेणे, टाकी आणि वाफा बांधणे हे मोहल्ल्याचे काम. दोघांनी आपापला भाग उचलला तरच हे चालेल.

असे उपक्रम बंद पडतात ते बहुधा एकाच जागी. टाकी बांधली जाते, उद्घाटन होते, आणि दोन आठवड्यांनी वर साठलेला तेलाचा थर काढायला कोणी येत नाही. मग टाकी भरून वाहते आणि लोक म्हणतात, आधीच बरे होते. म्हणून बांधकामाच्या आधी माणसे ठरवावीत. दर गुरुवारी झाकण उघडून तेल आणि गाळ काढणारे दोघे, वाफ्याच्या तोंडाशी अडकलेला कचरा रोज पाहणारा एक, महिन्यातून एकदा कर्दळ छाटणारा एक. सफाईच्या वेळी हातमोजे असावेत आणि बंद टाकीत कोणीही, कोणत्याही कारणाने उतरू नये. काम बाहेरून लांब दांड्याच्या गाळणीनेच करावे. काढलेले तेल मोरीत न टाकता वेगळ्या डब्यात भरून कचरा उचलणाऱ्यांशी आधी ठरवल्याप्रमाणे द्यावे. रमजानमध्ये गर्दी वाढली की हेच काम गुरुवारसोबत सोमवारीही करावे लागेल. ती यादी शाबानमध्येच लिहून मशिदीच्या फलकावर लावावी.